एकच प्रार्थना नको, एकत्र बसून आपापली प्रार्थना करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोंढव्यात तुमची तीन विंगची सोसायटी, हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, जैन सगळे राहतात, गेल्या सणांच्या वेळी स्पीकरवरून आणि पार्किंगमधल्या मांडवावरून वाजलं, तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ग्रुप झालेत आणि लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडे बघत उभी राहतात. आता तुम्हाला क्लबहाऊसमध्ये शांततेसाठी सर्वधर्म प्रार्थना ठेवायची आहे, आणि तुम्ही विचारताय की कुठल्या प्रार्थना घ्यायच्या, कुणाला बोलवायचं, कुणी विरोध केला तर काय करायचं, आणि यानं खरंच काही होतं का.

मी रास्ता पेठेत राहते, शाळेत शिकवायचे, आता रिटायर झाले. गेली २२ वर्षं अशा बैठका भरवतेय, वाड्यात, गच्चीवर, शाळेच्या हॉलमध्ये, दोनदा बागेत. मोठ्या स्टेजचे कार्यक्रमही केलेत पण ते आता करत नाही. जे सांगतेय ते त्यातून शिकलेलं आहे, थोडं लांबेल.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते कारण ९० टक्के लोक इथेच घसरतात. सगळ्यांनी मिळून म्हणायची एक कॉमन प्रार्थना शोधत बसू नका. मला माहितीये तुमच्या मनात तेच असणार, साने गुरुजींची प्रार्थना घेऊ, विनोबांची घेऊ ज्यात मज्द, यह्व, येशू, रहीम सगळी नावं येतात, म्हणजे सगळ्यांचं झालं. मीही पहिली काही वर्षं तेच केलं. विनोबांची ती प्रार्थना मला स्वतःला फार जवळची आहे, रोज म्हणते. पण एकदा कार्यक्रम संपल्यावर एक मुस्लिम शेजारीण, वयानं माझ्याहून मोठी, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, बेटा, सगळे उभे राहून म्हणत होते म्हणून मी पण ओठ हलवले, पण माझ्या नमाजमध्ये मी हे म्हणू शकत नाही, घरी जाऊन मला बरं नाही वाटणार. त्याच वर्षी एका चर्चच्या बाईंनी पण वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. मला तेव्हा लक्षात आलं की आपण ज्याला सगळ्यांना सामावून घेणं म्हणतो ते कुणाकुणाला ओढून घेतल्यासारखं वाटतं, आणि बिचारे सभ्यपणामुळे गप्प बसतात.

तेव्हापासून आमची पद्धत अशी, की एकत्र यायचं पण प्रार्थना ज्याची त्यानं करायची. एकजण आपली प्रार्थना म्हणतो, बाकीचे शांत बसून ऐकतात, बस. ऐकणाऱ्यानं हात जोडायचे नाहीत की आमेन म्हणायचं नाही, वाटलं तर म्हणावं, पण कुणी अपेक्षा ठेवायची नाही. हे माझं डोकं नाही, मोठ्या लोकांनी यावर खूप विचार केलाय. २७ ऑक्टोबर १९८६ ला इटलीत असिसीला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मांच्या लोकांना शांततेच्या प्रार्थनेसाठी बोलावलं होतं, दलाई लामा पण होते, तेव्हा दिवसभर प्रत्येक धर्माची माणसं गावात वेगवेगळ्या जागी आपापली प्रार्थना करत होती आणि मग संध्याकाळी सगळे एका जागी जमले, एकानं म्हटली की दुसऱ्यानं, मिसळ कुणीच केली नाही. त्यावरही चर्चमध्येच कडक टीका झाली की हे कशाला. म्हणजे बघा, एवढी काळजी घेऊनही बोलणारे बोलतात, तर काळजी न घेता केलं तर काय होईल.

आणि अजून एक त्याच्याच पोटातलं. सूत्रसंचालन करणाऱ्याला सांगून ठेवा की "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य म्हणायचं नाही. हेतू चांगला असतो पण जो माणूस ५० वर्षं पाच वेळची नमाज पढतोय, किंवा ज्या आज्जी दर एकादशीला निर्जळी उपास करतात, त्यांच्यासाठी फरक हाच त्यांचा जीव आहे. त्यांना एकच कशाला करायचं. त्यापेक्षा सरळ सांगा की आपण शेजारी आहोत, आपल्या सोसायटीत शांतता हवी आहे, आणि प्रत्येकजण आपल्या देवाकडे ती मागणार आहे आणि आपण ऐकणार आहोत. दोन वाक्यात होतं.

आता पसायदानाबद्दल, कारण पुण्यात हा विषय निघतोच. कुणीतरी म्हणेल की पसायदान तर सगळ्यांचं आहे, १२९० साली ज्ञानेश्वरीच्या शेवटी लिहिलंय, त्यात कुठल्या देवाचं नाव पण नाही, विश्वात्मक देव म्हटलंय. खरं आहे. त्यात वाईट माणसाचा नाश होवो असं मागितलेलंच नाही, त्याचा वाकडेपणा जावो असं मागितलंय, शांततेच्या प्रार्थनेत याहून वर काय असणार. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या कितीतरी मुस्लिम आणि ख्रिश्चन विद्यार्थ्यांना ते तोंडपाठ आहे. पण तरी मी ते कॉमन म्हणून घेत नाही, एखाद्या वारकरी माणसाला त्याची प्रार्थना म्हणून म्हणायला सांगते. मग होतं काय की दुसऱ्या ओळीपासून अर्धा हॉल आपणहून सूर धरतो, आणि ज्याला नाही म्हणायचं तो नुसता ऐकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. आपणहून आलेलं आणि उभं करून म्हणून घेतलेलं यात जमीनअस्मानाचा फरक आहे ताई.

दीपप्रज्वलन करू नका. हे मी चुकून शिकले. माझ्या दुसऱ्याच कार्यक्रमात समई ठेवली, सगळ्यांच्या हातात काडी दिली, एक मौलाना मागे सरकले आणि हात जोडून म्हणाले तुम्ही करा मी इथे आहे. कुणीतरी नेमका तोच फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तो फिरला, की बघा ह्यांना दिवा लावायला पण नको. त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, मी त्यांना न विचारता त्या जागी उभं केलं होतं, आणि ती माझी चूक होती. घरी जाऊन माफी मागितली, ते मोठ्या मनाचे, पुढच्या वर्षी परत आले. पण तेव्हापासून दिवा नाही, फोटोला हार नाही, नारळ नाही. सुरुवात दोन मिनिटं शांत बसून करायची. मौन सगळ्यांना चालतं, आणि दोन मिनिटं ही खूप मोठी वेळ असते, पहिल्या मिनिटात खुर्च्या वाजतात, खोकला येतो, दुसऱ्या मिनिटात हॉल खरा शांत होतो. म्हणून एकच मिनिट ठेवू नका.

शाल श्रीफळ सत्कार पण नको, आणि नगरसेवक किंवा इच्छुक कुणीही स्टेजवर नको. स्टेजच नको, गोल किंवा यू आकारात खुर्च्या लावा. पुढारी सोसायटीत राहत असतील तर रहिवासी म्हणून येऊ दे, खुर्चीवर बसू दे. बॅनरवर एकदा कुणाचा चेहरा आला की अर्धी सोसायटी खाली उतरत नाही, हे लिहून घ्या.

कार्डावर पण आपण ओळीनं ओम, चंद्रकोर, क्रॉस अशी चिन्हं टाकतो ना, ते टाळा, पहिलं कुठलं यावरून वाद होतो, आणि ज्याचं राहिलं त्याला लागतं. एकदा आम्ही बौद्धांचं धम्मचक्र विसरलो होतो आणि आमच्याच कामातला एक मुलगा काही न बोलता त्या दिवशी आलाच नाही. आता आम्ही गेटजवळच्या कडुलिंबाचा फोटो टाकतो. तुमच्या सोसायटीत पण असेलच काहीतरी सगळ्यांचं, पाण्याची टाकी, बाक, काहीही. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि त्या सगळ्यांसमोर टाका.

मुलांना चार धर्मांचे ड्रेस घालून उभं करायचा मोह होईल, कुणीतरी आई सुचवेलच. नको. टोपी आणि दाढी लावलेला मुलगा गोड दिसतो पण ज्याचे आजोबा खरंच दाढी ठेवतात त्याला ते फॅन्सी ड्रेस वाटतं. मुलांना खुर्च्या लावायला द्या, सरबत वाटायला द्या, ज्यांना आपल्या घरची प्रार्थना येते त्यांना म्हणू द्या.

कुणाला बोलवायचं. हा प्रश्न तुम्ही विचारलाय आणि बहुतेक तुमच्या डोक्यात एक पंडित, एक मौलवी, एक फादर, एक ग्यानी असं चित्र असणार. बाहेरचे धर्मगुरू येणार असतील तर आनंदच, पुण्यात त्यासाठी माणसं आणि जागा दोन्ही आहेत, शनिवार पेठेत जेझुइट फादरांचं स्नेहसदन आहे, शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, अशा ठिकाणी धर्मांमधल्या संवादाचं काम जुनं आहे आणि कुणाला विचारावं हे ते सांगू शकतात. पण तुमचं भांडण सोसायटीतलं आहे, तर प्रार्थना पण सोसायटीतल्या माणसानं करू दे. ३०२ मधल्या नर्सताई बायबलमधलं स्तोत्र वाचतायत, बी विंगमधले रिक्षावाले चाचा फातिहा म्हणजे कुराणातली पहिली सुरा म्हणतायत, ह्याचा परिणाम बाहेरच्या कुणाही मोठ्या माणसापेक्षा जास्त होतो कारण उद्या सकाळी तेच लिफ्टमध्ये भेटणार आहेत. आणि बायका हव्यात. धर्मगुरू बोलावले की ओळीत सगळे पुरुष बसतात, आणि सोसायटीत संबंध जोडतात आणि तोडतात त्या जास्त करून बायकाच.

आणि एक माणूस म्हणजे एक धर्म असं धरू नका. हिंदूंमध्ये वारकरी वेगळा, लिंगायत वेगळे, वेदपठण करणारे वेगळे. मुस्लिमांमध्ये सुन्नी, शिया, बोहरी, कोंढव्यात तर तुम्हाला बोहरी कुटुंबं भेटतीलच. ख्रिश्चनांमध्ये कॅथलिक, आपले मराठी प्रोटेस्टंट, केरळचे सीरियन ख्रिश्चन. सगळ्यांना घेणं जमणार नाही पण "हे मुस्लिमांकडून" असं म्हणू नका, "ह्या अमुकताई त्यांच्या घरची दुआ म्हणतील" असं म्हणा. एवढ्या बदलानं अर्धे वाद संपतात. आणि जे देव मानत नाहीत त्यांनाही विचारा, पुण्यात ते भरपूर आहेत. आमच्याकडे एक काका दरवर्षी येतात, प्रार्थना करत नाहीत, दोन मिनिटं बोलतात की मला शेजाऱ्यांसाठी काय हवंय, आणि लोक त्यांचं मन लावून ऐकतात.

वेळ नीट निवडा, यात खरी मेख आहे. रविवार दुपार सगळ्यात सोपी. शुक्रवारी जुम्मा असतो, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत यहुद्यांचा शब्बाथ असतो, रविवारी सकाळी चर्च. म्हणून रविवारी पावणेपाचला जमा, सव्वापाचला सुरू करा, सहाला संपवा. असरची म्हणजे दुपारनंतरची नमाज आटपून लोक येतात आणि मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला मोकळे होतात, आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटाला किंवा जानेवारीच्या शेवटाला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. आणि खाणं आधी ठेवा, शेवटी नाही, कारण चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत आणि शेवटी ठेवलं की तेच नेमके तसेच घरी जातात. शिवाय आधी चहा झाला की माणसं जरा सैल होतात.

खाण्याचं अजून सांगते कारण यावर बैठका मोडलेल्या बघितल्यात. कांदा लसूण बटाटा नको, जिलेटीन असलेलं काही नको, घरचं शिजवलेलं कोण खाईल कोण नाही ही चर्चाच नको. केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू सरबत, चहा. उपास असला तरी चालतं, बहुतेकांना चालतं. रमझानमध्ये मात्र दिवसा ठेवू नका, तेव्हा इफ्तारच्या वेळेला ठेवा आणि सगळं उलटं करा, आधी प्रार्थना मग खजूर. एकत्र चहा पिणं ही पुण्यात साधी गोष्ट नाही हे इतिहास सांगतो. १८९० साली इथेच पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी भाषणाला गेली, तिथे चहा बिस्किटं आली, कुणी प्यायलं कुणी नाही, नंतर नावं छापून आली आणि एवढं मोठं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण झालं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. ख्रिश्चनांच्या घरचा एक कप चहा! आणि आज त्याच पंचहौदच्या रस्त्यावरून आपण जाता येता वडापाव खातो. मी हे प्रत्येक बैठकीत सांगते, कारण माणसांना वाटतं की आत्ताचं वैर कायमचं आहे, आणि हे ऐकलं की जरा श्वास मोकळा होतो.

जागा क्लबहाऊसच ठेवा. कुठल्याही देवळात, मशिदीत, चर्चमध्ये पहिली बैठक नको, दुसऱ्या तिसऱ्या वर्षी एकमेकांकडे पाहुणे म्हणून जा. त्यातही नियम माहीत करून घ्या, गुरुद्वारात डोकं झाकायचं आणि चपला काढायच्या, लाल देवळात म्हणजे कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये आधी परवानगी लागते, आणि पारशी अग्यारीत पारशी नसलेल्याला आत जाता येत नाही, त्याचा राग मानायचा नाही, ते त्यांचं आहे, पारशी माणसाला आपल्याकडे बोलवायचं. अशेम वोहू ही त्यांची प्रार्थना इतकी छोटी आहे की म्हणून होईपर्यंत लोकांना कळतही नाही, म्हणून आमच्याकडे येणारे बावाजी ती तीनदा म्हणतात आणि मग अर्थ सांगतात, सत्याबद्दल आहे. आणि शीख शेजारी असतील तर ग्रंथसाहिब आणायला सांगू नका, त्याचा मान राखायचे नियम फार मोठे असतात, ते गुटक्यातून म्हणजे छोट्या प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचतील किंवा नुसती अरदास म्हणजे त्यांची प्रार्थना करतील, तिचा शेवट सरबत दा भला, सगळ्यांचं भलं होवो.

बाहेर स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी घ्या, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण माझं ऐका, स्पीकर लावूच नका. तुमचं भांडणच स्पीकरवरून सुरू झालं. ६० माणसांच्या हॉलमध्ये माइक नसला की लोक पुढे वाकून ऐकतात, आणि तेच तर हवंय.

प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी अर्थ मराठीत, मग मूळ प्रार्थना. उलटं केलं तर मूळ चालू असताना लोक अंदाज लावत बसतात की हा काय म्हणतोय आपल्याबद्दल. फातिहा सात ओळींची आहे, अर्थ आधी सांगितला की मला सरळ वाट दाखव एवढंच मागणं आहे, की मग अरबी ऐकताना कुणाचे कान टवकारत नाहीत. आमचे जैन काका खामेमि सव्व जीवे म्हणतात, मी सगळ्या जीवांना क्षमा करतो, सगळे जीव मला क्षमा करोत, आणि एका वर्षी ते एवढं म्हणून थांबले, मग त्यांच्याच मजल्यावरच्या माणसाकडे बघून म्हणाले, पार्किंगचं पण. कुणी हसलं नाही. तो माणूस उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. हे असं ठरवून होत नाही, पण ठरवून जागा करून ठेवता येते.

प्रवचन नको, पत्रकं वाटणं नको, आमच्याकडे या असं म्हणणं नको, हे सगळ्यांना आधी स्पष्ट सांगा. धर्मांतराची भीती खूप जणांच्या मनात असते, ती खरी की खोटी हा वाद त्या दिवशी घालायचा नाही.

आता विरोध. होणार. सोसायटीतले काही म्हणतील क्लबहाऊसमध्ये कुराण नको, काही म्हणतील संस्कृत श्लोक असतील तर आम्ही येणार नाही. अशा वेळी सगळ्यात सोपी वाट म्हणजे ज्यावर आक्षेप आहे ते गुपचूप गाळणं, आणि ती वाट घेऊ नका. गांधीजी रोजच्या प्रार्थनेत गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, जपानी बौद्ध मंत्र सगळं म्हणायचे. आपल्या येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ कैदेत होते, तिथेच त्यांचे सचिव महादेवभाई वारले, कस्तुरबा वारल्या, तरी सकाळ संध्याकाळची प्रार्थना सोडली नाही. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत जेव्हा लोकांनी कुराणाला हरकत घेतली तेव्हा त्यांनी आयती गाळून बाकीची प्रार्थना उरकली नाही, त्यांनी त्या दिवशी पूर्ण प्रार्थनाच थांबवली, आणि पुढे पण आधी विचारायचे की कुणाची हरकत आहे का. मला यातलं दोन्ही घ्यावंसं वाटतं. कुणाला वगळून करायचं नाही, आणि कुणाच्या डोक्यावर बसूनही करायचं नाही. म्हणून विरोध करणाऱ्याच्या घरी जा. एकट्या नका जाऊ, दुसऱ्या बाजूच्या कुणाला घेऊनही पहिल्यांदा नका जाऊ, त्याच्या ओळखीचं माणूस घेऊन जा. चहा घ्या. पटवून देऊ नका, विचारा की काय झालं होतं. मला एका गृहस्थांनी पाऊण तास सांगितलं होतं की त्यांच्या आईच्या आजारपणात रात्री १२ ला ढोल वाजत होते आणि खाली सांगायला गेले तर पोरांनी त्यांचा अपमान केला, त्यात धर्माचं काही नव्हतंच, पण चार वर्षांत त्याचा धर्म झाला होता. ते बैठकीला आले नाहीत. पण विरोधाचं पत्र मागे घेतलं. मला तेवढं पुरे होतं.

तारखेचं तुम्ही ३० जानेवारी म्हणताय. विचार करून ठरवा. त्या दिवसाशी नातं आहेच, १९४८ ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला गांधीजींचा खून झाला तेव्हा ते प्रार्थनेलाच निघाले होते. मी एकटीनं त्या वेळेला दरवर्षी मौन पाळते. पण पुण्यात, पश्चिम महाराष्ट्रात त्या तारखेच्या आठवणी एकाच प्रकारच्या नाहीत, खुनानंतर ब्राह्मणांची घरं जळाली, ज्यांच्या आजोबांचं घर गेलं ती कुटुंबं तुमच्या सोसायटीत असू शकतात, आणि त्यांनाही त्या खोलीत बसता आलं पाहिजे. २१ सप्टेंबर आंतरराष्ट्रीय शांतता दिवस असतो, फेब्रुवारीचा पहिला आठवडा संयुक्त राष्ट्रांनी धर्मांमधल्या सलोख्याचा म्हणून ठरवलाय, किंवा सरळ सोसायटीचा वाढदिवस घ्या. सणांच्या तोंडावर मात्र घेऊ नका, तेव्हा डोकी गरम असतात, सण येण्याआधी दोन महिने घ्या म्हणजे मांडव आणि मिरवणुकीचं बोलणं ओळखीनं होईल. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी म्हणजे २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम मंडळींनी आपणहून जुलूस पुढे ढकलला आणि सरकारनं सुट्टी २९ ला दिली. हे एका दिवसात होत नाही, आधी माणसं एकमेकांच्या घरी बसलेली असावी लागतात.

शेवटचा प्रश्न, यानं काही होतं का. खरं सांगते. प्रार्थनेनं काय होतं ते मी माझ्या श्रद्धेपुरतं सांगू शकते, मला वाटतं होतं. पण नुसत्या बैठकीनं भांडण मिटत नाही. आणि जिथे कुणावर खरंच अन्याय झालाय तिथे ती लगेच भरवूही नये. आमच्या भागात एकदा मारामारीत एका मुलाचा हात मोडला, दुकान फुटलं, आणि तिसऱ्याच दिवशी काही भल्या माणसांनी शांतता प्रार्थना ठेवली आणि त्याच्या वडिलांना पुढे बसवून दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी काय बोलायचं? माफ केलं म्हणायचं? दुकानाची काच अजून रस्त्यावर होती. ते काहीच न बोलता उठून गेले आणि मला आजही त्यांच्याकडे मान वर करून बघता येत नाही कारण मी तिथे होते आणि थांबवलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी नुकसान भरून द्यायला वर्गणी, आधी हॉस्पिटलमध्ये डबा, आधी पोलीस तक्रारीला सोबत, आणि घरच्यांनी होकार दिला तरच प्रार्थना, आणि त्यात त्यांच्याकडून काहीही मागायचं नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जीव गेले, त्यानंतर आम्ही १५ जण गच्चीवर बसलो होतो, कुणीही भाषण केलं नाही, कुणी माळ ओढत होतं, कुणी तसबीह म्हणजे मुस्लिमांची जपमाळ, कुणी ख्रिश्चनांची रोझरी. मला ती बैठक सगळ्यात खरी वाटते अजूनही.

तर तुमच्या बाबतीत, कार्यक्रमाची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. आधी महिनाभर घरं फिरा, दोन्ही ग्रुपमधली प्रत्येकी पाच. पहिल्या वर्षी १२ माणसं आली तर भरपूर झाली, फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका, जे नाही आले त्यांना ते टोचतं. चिक्की उरली तर ती घेऊन न आलेल्यांच्या घरी जा. आणि पुढच्या वर्षीची चिठ्ठी त्याच दिवशी टाकून ठेवा, पहिलं कोण म्हणणार त्याची, म्हणजे निदान एका घराला वर्षभर आठवण राहते की आपल्याला तयारी करायचीय.

मांडवाचा आणि स्पीकरचा प्रश्न मात्र प्रार्थनेत आणू नका, तो वेगळ्या मीटिंगमध्ये, कागदावर, वेळा लिहून सोडवा. त्या मीटिंगला माझी मदत लागली तर इथेच लिहा, कोंढव्याला माझ्या बहिणीकडे येणं होतंच माझं.